‘केलं’ म्हणायची नोकरी

मिक्सर थांबला, मागं वळून बघितलं, तर लॅपटॉप काळा. बटण दाबलं, कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, परत काळा. परत दाबलं, परत तेच. चिन्ह आलं की जिवात जीव यायचा, चिन्ह गेलं की जीव पण त्याच्याबरोबर जायचा. कडेवर चिमी रडायली, हाताला खोबऱ्याची चटणी, आणि डोळ्यापुढं आमच्या ह्यांचं तोंड. सकाळी जाताना दारात उभं राहून बोट दाखवून सांगितलं होतं, "घर पेटलं तरी चालंल, हे बंद करू नको. फोटो तयार व्हायलेत त्यात." आणि मी मिक्सरला जागा पाहिजे म्हणून त्याचीच पिन काढली. त्याची बॅटरी कवाच मेलेली.

आमचे हे लग्नाचे फोटो काढतात. एका पोरीचं अख्खं लग्न त्या लॅपटॉपात होतं, हळदीपासून पाठवणीपर्यंत. कॅमेऱ्यातली कार्डं पुसून हे दुसऱ्या लग्नाला म्हैसूरला गेलेले, मोबाईल बंद. आणि संध्याकाळी त्या पोरीचे वडील फोटो बघायला यायचे होते. फोटो गेले तर काय सांगायचं ओ त्यांना? परत मांडव घाला, परत रडा?

लॅपटॉप एका काखेत, चिमी दुसऱ्या काखेत, तशीच खाली पळाले. खाली म्हणजे घरमालक काकांकडं.

तेव्हा आम्ही बेंगळुरात के. आर. पुरमला त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो. मराठी माणसाचं घर मिळालं म्हणून निपाणीला सासूनं पेढे वाटले होते. सासू त्या घरात राहिली असती तर पेढे परत मागून आणले असते तिनं.

काका कसे होते सांगू? बांबूसारखे उंच, उन्हाळ्यात पण अंगात हातविणीचा स्वेटर, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. जेवताना सोडून ते हात पुढं आलेले मी क्वचितच बघितले. सरकारी कारखान्यात मोठे इंजिनियर होते, यंत्रं दुरुस्त करायचे म्हणे. दुरुस्त करायचं म्हणजे हात लावावा लागत असेल असं मला आपलं वाटायचं.

"अधिकारी हात लावत नाही, मुली," काका म्हणायचे. "अधिकारी सांगतो. ऑपरेटर करतो. आणि केल्यावर काय म्हणतो?"

"झालं."

"झालं नाही. झालं म्हणजे आपोआप झालं. केलं म्हण. मोठ्यानं."

"केलं!"

हे असं त्यांच्या घरात सगळ्याला. पाण्याची मोटर चालू कर. केलं. गेटाची कडी लाव. केलं. पाण्याचा कॅन आणणारा अण्णा सुद्धा बिचारा कॅन ठेवून उभा राहायचा आणि कानडीतनं ‘माडिदे सार’, केलं साहेब, म्हणून मगच जायचा. काकू तेवढ्या वाकड्यात शिरायच्या. जन्म बेंगळुरात गेलेला, त्यामुळं दर वाक्याला ‘सरी सरी’, म्हणजे बरं बरं. काका हॉलमधनं ओरडायचे, "तीन शिट्ट्या?" काकू आतनं, "झाल्या."

"केलं म्हण!"

"शिट्टी मी करत नाही हो, कुकर करतो. सरी?"

आणि त्या घरात उघडं असं काही नव्हतं. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनला कव्हर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून. टीव्ही तर एवढा मोठा, भिंतभर, त्याच्यावर काकूंनी क्रोशानं विणलेलं पांढरं कव्हर, त्यात दोन मोर. ते कव्हर दिवेलागणीला निघायचं, बातम्यांपुरतं. बातम्या लागल्या की काका खुर्ची फिरवून टीव्हीकडं पाठ करून बसायचे. मी एकदा विचारलं, काका, असं का? तर म्हणाले, "बातमी ऐकायची असते. बघणारे फसतात." मी वर जाऊन ह्यांना सांगितलं, आम्ही दोघं पोट धरून हसलो. एवढा मोठा टीव्ही घ्यायचा आणि त्याला पाठ दाखवायची.

स्कूटर विकून टाकली होती. का, तर ट्रॅफिकचा निषेध म्हणून. बाजारात जाताना काकूंच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. का, तर काकूंना चक्कर येते म्हणून. ती बाई पाण्याचा भरलेला कॅन एका हातानं उचलायची ओ. तिला कसली चक्कर.

पण मला त्यांचा राग यायचा तो वाचण्यावरनं. औषधाची पट्टी असो, लाईटबिल असो, बँकेचा मेसेज असो, जिन्यात मला गाठायचे आणि हातात द्यायचे. "वाच."

"मला इंग्लिश येत नाही काका."

"म्हणूनच वाच. स्पेलिंग सांग."

मग मी पोर कडेवर घेऊन शाळेतल्यासारखी उभी, पी, ए, आर, ए. काका डोळे मिटून मान हलवायचे. शब्द काय झाला ते कधी सांगायचे नाहीत. "मी सांगितलं तर तू काय शिकशील?" आणि कुणी पाहुणा आला की मला खाली हाक. "ही आमची भाडेकरू. नववी नापास आहे. पण मी तयार करतोय." नापास नव्हते ओ मी. दहावीला बसलेच नाही, घरात आई आजारी होती. हे त्यांना मी दहादा सांगितलं. दहादा त्यांनी ऐकलं, आणि पाहुणा आला की परत नववी नापास.

तर अशा माणसाच्या दारात मी त्या शुक्रवारी सकाळी लॅपटॉप घेऊन उभी. "काका, काळा पडला, चिन्ह येतंय, जातंय, लग्न गेलं काका, अख्खं लग्न."

"नीट उभी राहा," काका म्हणाले. "आधी उभं राहायचं, मग बोलायचं, मग बटण."

उभी राहिले. बोलले. आता बटण म्हणतील म्हणून बघते, तर म्हणाले, "किती वाजले?"

"साडेदहा होत आले."

"मग बारानंतर. आज शुक्रवार, राहुकाळ लागला."

मला वाटलं चेष्टा करायलेत. पण नाही. जन्मभर यंत्रांत राहिलेला माणूस, राहुकाळात यंत्र चालू करायचं नाही म्हणून खुर्चीत जाऊन बसला, डोळे मिटून. मी समोर लॅपटॉप मांडीवर घेऊन, कुणाच्या तरी घरी कुणी वारल्यावर बसतात तशी बसले. काकूंनी कॉफी दिली, चिमीला बिस्कीट दिलं. मी ह्यांना परत फोन लावला, बंदच. ती नवरी पोरगी डोळ्यापुढं यायली. फोटोत पाठवणीला ती हसत होती आणि तिचे वडील रडत होते, ह्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवला होता तो. तेच वडील संध्याकाळी यायचे.

बारा वाजले आणि काका उठले. देवघरातनं एक पितळी डबी आणली. गंगेच्या गडूशेजारी ठेवलेली असायची ती. त्यात लाल दोरा बांधलेला पेन ड्राईव्ह. "ही संजीवनी," म्हणाले. "मीच बनवली. यंत्र स्वतःच्या पोटातनं उठत नसेल तर ह्यातनं उठतं. माझे हात पाठीमागं. तू ऑपरेटर."

लॅपटॉप टीव्हीच्या टेबलावर ठेवला, कारण जाड पिनेचा प्लग तिथंच बसायचा. पहिल्यांदा म्हणाले लॅपटॉपातनं टीव्हीला वायर जोड, बाहेरच्या पडद्यावर काही दिसतंय का बघू. जोडली, केलं म्हटलं. टीव्ही चालू. केलं. "काका, कव्हर काढू का?"

"काही गरज नाही. उजेड आला तर जाळीतनं कळतो." थोडं थांबून म्हणाले, "नाही आला. बाहेर पण अंधार, आत पण अंधार. संजीवनी लाव."

आता तुम्ही सांगा, टीव्हीवर काही आलंय का बघायला टीव्हीला वायर लावायची आणि वर झाकण तसंच ठेवायचं. असलं शिक्षण नसलेलंच बरं. पण माझी गाडी अडकलेली, मी कशाला बोलू. दोरा धरून संजीवनी घातली, सांगितलं ते बटण दाबून धरलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. चिन्ह आलं. गेलं. काळा.

"अंधार?" काकांनी विचारलं.

"अंधारच काका."

"हरकत नाही. यंत्र चालू आहे, फक्त दिसत नाही. मला सगळी पानं पाठ आहेत." आणि काका रामरक्षा म्हणायला उभं राहतात तसे उभे राहिले, डोळे मिटून. "एंटर."

"केलं."

"थांब. आता पान बदलेल. उजवा बाण. एंटर."

"केलं."

"एंटर."

"केलं."

खरं सांगते, त्या वेळी मला त्यांचं कौतुक वाटलं. आंधळ्या पडद्यावर माणूस पाठ म्हणतोय, केवढा भरवसा. मी पण देवाचं नाव घेऊन दाबत होते. आणि मधेच माझं लक्ष मोरांकडं गेलं. पांढरे मोर निळे झाले होते. पोटातनं उजेड लागल्यासारखे. मी एका हातानं कव्हर ओढलं आणि खाली पाडलं.

अख्खा टीव्ही निळा. त्याच्यावर वीतभर अक्षरं. म्हणजे आम्ही त्या लॅपटॉपापुढं काळोखात बटणं दाबायलोय आणि त्याची पानं एक एक करून तिकडं मोरांच्या मागं येऊन बसलेली.

"काका, आलं! टीव्हीवर आलं!"

काकांनी डोळे उघडले. टीव्हीकडं बघितलं. निळा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला. "बरोबर," म्हणाले. "हेच पान यायला पाहिजे होतं. दुरुस्तीचं. एंटर दाब."

माझं बोट बटणावर होतं. पण सवय लावली होती ना त्यांनीच. समोर इंग्लिश दिसलं की माझं तोंड आपोआप सुरू. जे, यू, एस, टी. मग आर, ई, एम, ओ, व्ही, ई. आणि हा शब्द मला येत होता. कुणाच्या शिकवण्यानं नाही. नणंदेनं मला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपातनं काढलं तेव्हा हाच शब्द आला होता, ह्यांना विचारून अर्थ काढला होता मी, आणि रात्रभर रडले होते. पुढं माय, पुढं फाइल्स.

"काका, रिमूव्ह लिहिलंय. फाइल्स रिमूव्ह."

"दोष रिमूव्ह. मला ते पान पाठ आहे. एंटर."

"दोष नाही काका, फाइल्स. एफ, आय, एल..."

"नववी नापासनं मला वाचायला शिकवायचं?"

तेव्हा माझी सटकली. भीतीनं सटकते ना तशी. म्हटलं, "मी नापास तर नापास. मग तुम्हीच वाचा की. मोठ्यानं. स्पेलिंग सांगा."

काकांचे हात पाठीमागंच. टीव्हीजवळ गेले, एवढे जवळ की नाक लागेल. आणि कोंबडी दाणा बघते ना, मान वाकडी करून, एका डोळ्याच्या कडेनं, तसं बघायला लागले. इकडनं बघितलं. मग तिकडनं. वीतभर अक्षरं ओ. आमची चिमी लांबनं बोट दाखवत होती.

मी वळून बघितलं तर काकू स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक. त्यांनी मला बघून मान हलवली. नको, अशी. आणि कणकेचं बोट ओठावर.

मला सगळं एकदम कळलं. टीव्हीला पाठ, विकलेली स्कूटर, काकूंची चक्कर, जिन्यातलं ‘वाच’. दयाबिया काही आली नाही मला, आधी रागच आला. स्वतःला दिसत नाही म्हणून मला कामाला लावलं, आणि वर चार माणसांत नापास म्हणून मिरवलं!

"बघितलं," काका मागं सरकून म्हणाले. आवाज तसाच, अधिकाऱ्याचा. "बरोबरच आहे. एंटर."

बोट बटणावर. लग्न बटणाखाली. काकू दारात.

मी म्हटलं, "केलं."

दाबलं नाही. नुसतं म्हटलं. मोठ्यानं.

"आता थांबायचं," काका म्हणाले. "आत काम चाललंय." आम्ही सगळे थांबलो. टीव्हीवर ते पान तसंच, एक अक्षर हललेलं नाही, आणि काका त्याच्यापुढं मान डोलवायलेत, दुधावर लक्ष ठेवल्यासारखे. बऱ्याच वेळानं म्हणाले, "झालं असेल. आता पॉवर बंद. संजीवनी काढ. चालू कर." हे मात्र मी खरंच केलं. लॅपटॉपावर चिन्ह आलं, गेलं, काळा. आणि टीव्हीवर भिंतभर आमची चिमी, बारशातली, टोपरं घालून. खाली फोटोंचे सगळे डबे जागच्या जागी, त्यात त्या नवरीच्या नावाचा. लॅपटॉपाला काही झालंच नव्हतं. पडदा तेवढा मेला होता, चिन्हापुरता पेटायचा आणि विझायचा. संजीवनीचं कामच नव्हतं, आणि काकांचं ऐकलं असतं तर तिनं सगळं धुऊन दिलं असतं.

"आलं?" काकांनी विचारलं. ह्या वेळी टीव्हीकडं बघितलं सुद्धा नाही, माझ्याकडं तोंड केलं.

"आलं काका."

"माझ्या प्रोसिजरला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही."

संध्याकाळी हे आले, नवरीचे वडील आले, आणि लॅपटॉप हलवायला नको म्हणून काकांच्याच हॉलमध्ये त्या टीव्हीवर फोटो बघितले सगळ्यांनी. काका खुर्ची फिरवून पाठ करून बसलेले आणि दर फोटोला, "उजेड बरा पडलाय. हा पण बरा पडलाय." पाठवणीचा फोटो आला तसे ते वडील परत रडले. काका म्हणाले, "ह्यात जरा कमी पडलाय."

पुढं महिनाभर गल्लीत तेच. काकांनी न बघता लॅपटॉप उठवला. हे तर खरंच होतं. वाण्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं, आणि शेवटी, "ऑपरेटर पण मी तयार केलेली. नववी नापास."

काकू कढीपत्ता निवडताना एकदाच बोलल्या. "नजरेचं मधलं सगळं गेलंय त्यांचं. कडेकडेचं उरलंय स्वल्प. डॉक्टरकडं एकटे जाऊन आले. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही."

"मग तुम्ही बोलत का नाही काकू?"

"बोलले की ते खुर्चीत बसतील ग, आणि उठायचे नाहीत. मग घरात ‘केलं’ कुणाला म्हणायचं?"

आता आम्ही जे. पी. नगरला आहे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. इथली घरमालकीण कशातच लक्ष घालत नाही, मोटर लावा नाहीतर विहीर खणा. सवय अशी वाईट, गेटाची कडी लावली की अजून माझ्या तोंडातनं ‘केलं’ निघतं, शेजारीण बघत राहते.

आणि आज सकाळी काकूंचा फोन. हळू आवाजात, मोरीतनं बोलत होत्या बहुतेक. आमच्या जागेवर माडीवर एक पोरगी आलीय, व्हाइटफील्डला कंपनीत जाते. तिचा लॅपटॉप काळा पडलाय. किती वर्षं बसून लिहिलेलं काय काय आहे म्हणे त्यात, दुसरीकडं कुठं ठेवलेलं नाही. काकांनी तिला खाली बसवलंय. डबी काढलीय.

"मग सांगा की तिला, दुकानात ने म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं ग. ती म्हणते, काकांनी तुमचा उठवला ना न बघता, गल्लीत सगळे सांगतात. आणि तुझ्यासारखी नाही ती. शिकलेली आहे. सांगितलं की विचारत नाही, दाबते. आज पण शुक्रवार आहे. राहुकाळ लागलाय. बारापर्यंत ते हात लावू देणार नाहीत. तोवर ये. तिच्या जागी तू ऑपरेटर हो, नुसतं ‘केलं’ म्हण, सरी? पुढचं मी बघते."

"आणि टीव्ही?"

"कव्हर धुऊन घातलंय कालच."

मागनं काकांचा आवाज आला, "कोण आहे फोनवर? माझी ऑपरेटर का? तिला सांग, प्रोसिजर विसरली नसेल तर ये म्हणावं."

तर मी आता चिमीच्या पायात बूट घालून दारात उभी आहे. दोन बस बदलायच्या, मधे एक पूल, तिथं गर्दीत बस अडकतेच. पोचले तर परत त्या माणसाच्या तोंडावर खोटं ‘केलं’ म्हणायचं, म्हणजे गल्लीत अजून नाव होणार, अजून कुणीतरी काळा लॅपटॉप घेऊन खाली उतरणार, आणि दर वेळी मी कुठनं येऊ? नाही गेले तर ती पोरगी शहाण्यासारखी एंटर दाबणार. आणि खरं बोलले तर काका खुर्चीत बसणार. मला नापास म्हणणारा माणूस खुर्चीत बसला तर माझं काय जातंय, असं मी मघापासनं स्वतःला सांगायलेय आणि बूट काही पायात जात नाही.

तुम्ही असता तर काय केलं असतं ओ? लवकर सांगा. पावणेअकरा वाजून गेलेत.